तिकिटापलीकडचा खर्च : क्रूझ सहलीचे अंदाजपत्रक

क्रूझच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेली रक्कम ही बहुधा जहाजावरील सर्वांत स्वस्त, खिडकी नसलेल्या केबिनचे आणि तेही दोघांनी मिळून राहायचे ठरवल्यास प्रत्येकी पडणारे भाडे असते. या भाड्यात निवास, मुख्य भोजनगृहातील व बुफेतील जेवण, साधा चहा-कॉफी, पोहण्याचा तलाव आणि रात्रीचे रंगमंचीय कार्यक्रम येतात. परंतु मद्य, बाटलीबंद शीतपेये, इंटरनेट, खास उपाहारगृहे, स्पा, छायाचित्रे, बंदरावर उतरून करायची सहल आणि सेवकांची टिप या बाबी बहुतेक कंपन्यांच्या भाड्यात धरलेल्या नसतात. एकट्याने जाणाऱ्या प्रवाशाला तर दुसऱ्या खाटेचे भाडेही पुष्कळदा स्वतःच भरावे लागते. मंगल कार्यालयाचे भाडे ठरले म्हणजे लग्नाचा खर्च ठरला असे कोणी मानत नाही. क्रूझच्या भाड्याकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

ही रचना अपघाताने झालेली नाही. जहाज बंदरातून सुटताना जी केबिन रिकामी राहते तिचे त्या फेरीचे उत्पन्न कायमचे बुडते, म्हणून कंपन्या भाडे उतरवूनही केबिन भरतात आणि प्रवासी एकदा जहाजावर आला की तो तेथे जो खर्च करतो त्यातून ती कसर भरून काढतात. या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी असलेल्या कार्निव्हलचे 2024 या आर्थिक वर्षातील उत्पन्न सुमारे 2500 कोटी डॉलर होते आणि त्यातील जवळपास एक तृतीयांश वाटा तिकिटांखेरीज इतर मार्गांनी, मुख्यतः जहाजावरील विक्रीतून आला. रॉयल कॅरिबियनच्या 2023 च्या वार्षिक हिशेबातही हे प्रमाण तीन दशांशाहून थोडे अधिक दिसते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण दर आधीच जाहीर केलेले असतात. मात्र केवळ तिकिटाच्या आकड्यावर सहलीचा निर्णय घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला या रचनेची झळ नक्की बसते, आणि म्हणूनच ती समजून घेणे अगत्याचे आहे.

जहाजावर रोख पैसे जवळजवळ चालत नाहीत. प्रवाशाला चढतानाच एक कार्ड दिले जाते. तेच केबिनची किल्ली असते, तेच ओळखपत्र असते आणि प्रत्येक खरेदी त्याच्यावरच नोंदवून शेवटी एकत्रित बिल केले जाते. हे खाते प्रवाशाच्या क्रेडिट कार्डाशी जोडलेले असते व कंपनी अधूनमधून त्यावरील ठरावीक रक्कम राखून ठेवते, म्हणजे ती प्रत्यक्ष वसूल होत नाही, पण प्रवाशाला वापरताही येत नाही. डेबिट कार्ड जोडल्यास हीच रक्कम बँकेच्या खात्यात अडकते आणि ती मोकळी होण्यास सहल संपल्यावरही काही दिवस लागू शकतात. तेव्हा घरच्या हप्त्यांसाठी लागणारे खाते या कामी न वापरणे शहाणपणाचे ठरते. मुलांनाही स्वतंत्र कार्ड मिळते आणि व्हिडिओ गेमच्या दालनात ते सहज चालते, म्हणून पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन त्यावर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी किंवा खरेदीची सोयच बंद करावी.

अनिवार्य म्हणावा असा पहिला मोठा खर्च टिपेचा. जुन्या प्रवासी जहाजांवर अखेरच्या रात्री वाढपी आणि केबिन सांभाळणारा सेवक यांच्या हाती लिफाफा देण्याची प्रथा होती. आता बहुतेक कंपन्या दरडोई दररोज एक ठरावीक रक्कम परस्पर खात्यावर टाकतात. अमेरिकी बाजारपेठेतील मोठ्या कंपन्यांत साध्या केबिनसाठी ती अलीकडे साधारण 16 ते 20 डॉलर आहे आणि अगदी तान्ही मुले वगळता बालकांनाही ती सहसा पूर्ण लागते. दर 18 डॉलर धरला तर चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे 504 डॉलर, म्हणजे डॉलरचा भाव 90 रुपये मानल्यास 45,360 रुपये होतात. अनेक कंपन्यांत स्वागतकक्षात विनंती करून ही रक्कम कमी करता किंवा काढून टाकता येते आणि खर्च वाचवण्याची युक्ती म्हणून तसा सल्लाही सर्रास दिला जातो. तो सल्ला मानू नये. बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. त्यांवरील सेवकवर्ग फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून येतो, सलग कित्येक महिने घरापासून दूर राहून आठवड्याचे सातही दिवस राबतो आणि त्याच्या मिळकतीत या टिपेचा वाटा फार मोठा असतो. जहाजावरच्या नोकरीची परंपरा असलेली गोव्यातील आणि मुंबईतील असंख्य कुटुंबे याच पैशावर उभी राहिली आहेत. ज्याला ही रक्कम परवडत नाही त्याने दोन रात्रींची छोटी सहल निवडावी, परंतु टिप हा तिकिटाचाच भाग समजून पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात लिहावी.

पेयांच्या बाबतीत मात्र हिशेब मांडून नकार देण्यास पूर्ण वाव आहे. मद्याच्या प्रत्येक पेल्यावर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क आपोआप चढते, आणि रोज ठरावीक रक्कम भरून हवी तितकी पेये घेण्याची जी पॅकेजे विकली जातात त्यांवरही ते लागू होते. उदाहरणादाखल पॅकेजचा दर दिवसाला 80 डॉलर आणि एका पेल्याची किंमत 13 डॉलर धरली, तर 18 टक्के सेवाशुल्कासह पॅकेज 94 डॉलर 40 सेंटला आणि पेला सुमारे 15 डॉलर 34 सेंटला पडतो. म्हणजे रोज सहाहून अधिक पेले घेतले तरच पॅकेज फायद्याचे ठरते. ज्या दिवशी जहाज बंदरात उभे असते व प्रवासी सात-आठ तास शहरात फिरत असतो, त्या दिवशीही पॅकेजचे पैसे चालूच राहतात, कारण ते सहलीच्या सर्व दिवसांसाठी घ्यावे लागते. शिवाय कित्येक कंपन्यांत एका केबिनमधील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतल्यास दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावेच लागते, आणि ज्या मराठी घरांत नवरा अधूनमधून एखादा पेला घेतो व बायको घेतच नाही, तेथे ही अट सारा हिशेब उलटवते. मोफत मिळणारे पाणी, चहा, कॉफी आणि न्याहारीच्या वेळचे रस यांवर बहुसंख्य कुटुंबांचे उत्तम भागते. शाकाहारी आणि जैन भोजनासाठीही खास उपाहारगृहाचा खर्च करण्याची सहसा गरज नसते. आरक्षणाच्या वेळी तशी नोंद केली आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहातील प्रमुख वाढप्याला पुन्हा सांगितले, तर बहुतेक मोठ्या जहाजांवर त्याच भाड्यात व्यवस्था होते.

इंटरनेट उपग्रहामार्फत मिळते आणि त्याचे शुल्क सहसा दर दिवशी दर उपकरणामागे आकारले जाते. चौघांनी चार फोन जोडण्याऐवजी एकच जोडून आळीपाळीने वापरला तरी घरच्यांशी संपर्क राहतो. खरा धोका वेगळाच आहे : जहाजाचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते, किनारा दूर गेला की फोन त्याला आपोआप जोडला जातो आणि त्याचे रोमिंगचे दर जमिनीवरील रोमिंगपेक्षा कितीतरी अधिक असतात. जहाजावर पाऊल ठेवताच फोन फ्लाइट मोडवर टाकणे हा या संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बंदरांवरील खर्चाचा अंदाज नकाशा पाहिल्याशिवाय बांधता येत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ असे छापलेले असते, परंतु जहाज लागते ते चिवितावेक्किया येथे, जेथून रोम सुमारे 70 किलोमीटरवर आहे. ‘फ्लॉरेन्स’साठी लिव्होर्नो बंदरातून सुमारे 80 किलोमीटर जावे लागते. सिंगापूरहून निघणाऱ्या सहली महाराष्ट्रातील पर्यटकांच्या विशेष आवडीच्या आहेत आणि तेथेही ‘बँकॉक’ म्हणजे प्रत्यक्षात लेम चाबांग बंदर असते, जे शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, तर ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. या अंतरामुळे शहर पाहण्यासाठी कंपनीची सहल, खासगी वाहन किंवा रेल्वे यांपैकी एकावर पैसे मोडणे भागच पडते. कंपनीची सहल बहुधा महाग असते, परंतु तिला उशीर झाल्यास जहाज थांबते किंवा प्रवाशाला पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते; स्वतः ठरवलेल्या वाहनाला असे कवच नसते आणि चुकलेले जहाज पुढच्या बंदरावर गाठण्याचा सारा खर्च प्रवाशाच्याच माथी येतो. त्यामुळे लांबच्या शहरासाठी कंपनीची सहल आणि जेथे जहाज गावालाच लागते तेथे पायी किंवा सार्वजनिक वाहनाने भटकंती, अशी वाटणी बहुतेक कुटुंबांना किफायतशीर पडते. बंदरांचे करही वाढत आहेत : ग्रीसने जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांवर अधिभार लावला असून सांतोरिनी व मिकोनोस या गर्दीच्या बेटांसाठी ऐन हंगामात तो दरडोई 20 युरो आहे. असे कर सहसा आरक्षणाच्या अंतिम रकमेत मिळवले जातात, म्हणून तुलना करताना जाहिरातीतील नव्हे, तर पैसे भरण्याच्या पानावरील आकडा पाहावा.

भारतीय पारपत्रधारकाच्या अंदाजपत्रकात एक बाब अशी असते जिचा उल्लेख परदेशी मार्गदर्शिकांत क्वचितच आढळतो, ती म्हणजे व्हिसा. अमेरिकेच्या 1886 च्या एका कायद्यानुसार परदेशात नोंदलेल्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी वाहून नेता येत नाहीत, आणि एकाच बंदरातून निघून तेथेच परतायचे असले तरी वाटेत परदेशी बंदरावर थांबावे लागते. त्यामुळे सिॲटलहून अलास्काला जाणारी जहाजे कॅनडातील व्हिक्टोरिया येथे, पुष्कळदा केवळ एका संध्याकाळपुरती, थांबतात आणि तेवढ्यासाठी भारतीय प्रवाशाला अमेरिकेच्या व्हिसाखेरीज कॅनडाचा व्हिसाही काढावा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे मूळ शुल्क 185 डॉलर आणि कॅनडाचे 100 कॅनेडियन डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे शुल्क वेगळे. युरोपात शेंगेन क्षेत्रातून निघून तुर्कस्तानला जाऊन परत येणाऱ्या सहलीला एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. तो नसल्यास जहाजावर चढूच दिले जात नाही आणि भरलेले भाडे सहसा परत मिळत नाही. विमान एक दिवस आधी पोहोचेल असे घेऊन हॉटेलातील एका रात्रीचा खर्च सोसणेही इष्ट आहे, कारण जहाज एकट्यादुकट्या प्रवाशाच्या विमानासाठी थांबत नाही.

जहाजावरील दवाखाना हा खासगी दवाखान्यासारखा चालतो. साध्या तपासणीचेही शुल्क डॉलरमध्ये खात्यावर चढते, भारतातील आरोग्य विमा सामान्यतः परदेशात लागू होत नाही, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा पुढच्या बंदरावरून रुग्णालयात हलवावे लागल्यास होणारा खर्च एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत संपवू शकतो. क्रूझचा स्पष्ट उल्लेख असलेला, वैद्यकीय स्थलांतर व आधीपासूनचे आजार यांची तरतूद असलेला प्रवासविमा ज्येष्ठ नागरिकांसाठी तरी पर्यायी समजू नये.

रुपयांतील बिल डॉलरमधील बिलापेक्षा नेहमीच थोडे मोठे निघते. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डे परकीय चलनातील व्यवहारावर साधारण 2 ते 3.5 टक्के अधिक आकारतात आणि त्या रकमेवर जीएसटी वेगळा लागतो. बंदरावरील दुकानदाराने रुपयांत बिल करू का असे विचारल्यास नकार देणेच हिताचे, कारण त्या रूपांतराचा दर सहसा आणखी वाईट असतो. परदेशी सहलीचे पॅकेज भारतातील कंपनीकडून घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, द्यावा लागतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो, म्हणून तो खर्चात नसला तरी हाताशी लागणाऱ्या रकमेत धरावा.

महाराष्ट्रातील पुष्कळ प्रवासी क्रूझ स्वतंत्रपणे घेत नाहीत, तर सहल कंपनीच्या सिंगापूर-मलेशिया दौऱ्याचा एक भाग म्हणून ती घेतात किंवा मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजाचे आरक्षण एजंटामार्फत करतात. तेथे ‘सर्व समाविष्ट’ या शब्दांवर न विसंबता टिप, बंदर शुल्क, जीएसटी, बंदरावरील सहल आणि क्रेडिट कार्डावर राखली जाणारी रक्कम यांपैकी काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे लेखी मागून घ्यावे. जहाजावर चढल्यानंतर खात्यातील नोंदी केबिनमधील टीव्हीवर किंवा कंपनीच्या ॲपवर रोज पाहता येतात. न घेतलेल्या वस्तूची किंवा दुबार लागलेली नोंद त्याच दिवशी स्वागतकक्षात दाखवली तर ती लगेच दुरुस्त होते, परंतु शेवटच्या सकाळी तेथे लांब रांग लागते आणि जहाज सोडल्यानंतर तीच तक्रार ईमेलवर कित्येक आठवडे रेंगाळू शकते.