थंडीत टाचा आणि केस: घरच्या घरी, कमी खर्चात

निफाडचा पारा घसरला की नाशिककरांच्या टाचा भेगाळतात. त्यावर जुना उपाय कोकमतेल, म्हणजे मुठेल. कोकमाच्या बियांतून निघणारं हे तेल थंडीत घट्ट गोळ्यासारखं राहतं. अंगाच्या उबेनं हळूहळू विरघळतं. रात्री पाय धुऊन, पुसून, गोळा टाचेवर घासायचा आणि मोजे घालायचे. एक गोळा अख्ख्या घराला पुरतो.

केसांसाठी:
• शिकेकाई पाव किलो
• बिया काढलेला रिठा 100 ग्रॅम
• आवळकाठी 100 ग्रॅम
• मेथ्या 50 ग्रॅम

हे सगळं नाशिकच्या भद्रकालीत काष्ठौषधीच्या दुकानात सुटं मिळतं. कडक उन्हात वाळवून गिरणीतून दळून आणा. दळताना नाकाला रुमाल हवाच, नाहीतर शिंकून बेजार!

शिकेकाई-रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे मळ निघतो, म्हणून फेस कमी आला तरी काळजी नको. दोन चमचे पूड कोमट पाण्यात भिजवून, गाळून वापरा. डोळे मात्र सांभाळा, फार झोंबतं. कोरडी पूड बरणीत महिनोन्‌महिने टिकते. भिजवलेली त्याच दिवशी संपवा.

तुमच्या घरी शिकेकाईत आणखी काय घालतात? नागरमोथा की जास्वंद?