सोडलेली जागा

2009च्या विधानसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाने महाराष्ट्रात चार जागा जिंकल्या. नवापूरला शरद गावित, भिवंडी पश्चिमला रशीद ताहीर मोमीन. उरलेल्या दोन्ही एकाच माणसाने जिंकल्या होत्या. मानखुर्द-शिवाजीनगर आणि भिवंडी पूर्व, दोन्हीकडून अबू आसिम आझमी निवडून आले. एक जागा सोडणे भाग होते. त्यांनी मुंबईतले मानखुर्द ठेवले आणि भिवंडी सोडली.

आझमी मूळचे उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्याचे. मुंबईत येऊन ट्रॅव्हल आणि हॉटेलच्या धंद्यात त्यांनी जम बसवला. 1993च्या बॉम्बस्फोट खटल्यात त्यांना अटक झाली. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. मुलायमसिंह यादवांच्या समाजवादी पक्षाला मुंबईत असाच माणूस हवा होता: हाताशी पैसा, बोली गावाकडची आणि वर तुरुंगाची कहाणी. पुढे पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवले, 2002 ते 2008, तेही उत्तर प्रदेशातून. गाव सोडून मुंबईत धंदा थाटलेला माणूस दिल्लीला गेला तो गावाकडच्याच कोट्यातून!

भिवंडी ही अशा नेत्यासाठी जणू तयारच जमीन. 1857च्या उठावानंतर आझमगढ, मुबारकपूर, मऊकडचे मोमीन विणकर इकडे आले, हातमाग लावले. 1930च्या दशकापासून यंत्रमाग आले. 1982च्या संपात मुंबईच्या गिरण्या बसल्या, तसा इथला खडखडाट वाढला. निजामपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या पाहिल्या. इथल्या कारागिराला पगार नसतो, विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. एकटे आलेले कामगार बिशीत, म्हणजे खानावळीत, जेवतात आणि सणाला गावी जातात. ज्यांचे नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे, ते इथे कापड विणतात पण इथला आमदार निवडत नाहीत. परप्रांतीयांच्या मतांचे गठ्ठे मोजणारे पुढारी हे नेमके विसरतात.

आझमी 2004 साली भिवंडीतून शिवसेनेच्या योगेश पाटलांकडून हरले होते. त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना झाली, शहराचे पूर्व-पश्चिम भाग पडले आणि 2009 मध्ये जुनी हार भरून निघाली. त्याच नोव्हेंबरात विधानसभेत त्यांनी हिंदीत शपथ घेतली आणि मनसेच्या आमदारांनी भर सभागृहात त्यांच्यावर हात टाकला. चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. मारहाण लाजिरवाणी होतीच, त्याबद्दल दुमत नको. पण इतकी वर्षे मुंबईत धंदा आणि राजकारण केलेल्या माणसाला चार ओळी मराठीत वाचता येऊ नयेत, हेही पटत नाही. मला वाटते, त्या दिवशी दोन्ही बाजूंना समोर आपापले मतदार दिसत होते.

रिकाम्या झालेल्या भिवंडी पूर्वेत 2010 साली पोटनिवडणूक लागली. समाजवादी पक्षाने आझमींचे चिरंजीव फरहान यांना उभे केले. वडिलांनी काही महिन्यांपूर्वी जिंकलेली जागा मुलाला राखता आली नाही. शिवसेनेचे रूपेश म्हात्रे निवडून आले आणि 2014 सालीही तेच आले. निवडून दिलेला माणूस निघून जातो आणि पाठोपाठ मुलाला पाठवतो, ही गोष्ट कुठल्याही गावाच्या पचनी पडणारी नव्हे, मग तिथले लोक आझमगढचे असोत की स्थानिक आगरी.

मानखुर्दने मात्र आझमींना 2009, 2014, 2019 आणि 2024 अशी चार वेळा साथ दिली. मार्च 2025 मध्ये औरंगजेबावरील वक्तव्यावरून अधिवेशन संपेपर्यंत त्यांचे निलंबन झाले, तेव्हाही ते मानखुर्दचेच आमदार होते.

भिवंडी पूर्व पक्षाला परत मिळाली ती 2019 मध्ये, रईस शेख यांच्यामुळे. 2024 मध्येही त्यांनी ती राखली. भिवंडीला येण्यापूर्वी ते मुंबई महापालिकेत नगरसेवक होते. आझमींनी भिवंडी सोडली ती मुंबईसाठी, आणि पक्षाला ती परत जिंकून दिली मुंबईच्याच माणसाने.