छातीचा भाता आणि मुद्रणयंत्र

‘छातीचा पिंजरा’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी ही रचना लोहाराच्या भात्याला अधिक जवळची आहे. झोपेतही ती फुगत व ओसरत असते. म्हणूनच कर्करोगाच्या गाठीपायी बरगड्या व उरोस्थी काढाव्या लागल्या, तर त्या जागी नुसते भक्कम आवरण बसवून भागत नाही. ते श्वासाबरोबर हललेही पाहिजे.

2015 साली स्पेनमधील सालामांका येथे एका रुग्णावर असाच प्रसंग आला. त्याच्या छातीच्या क्ष-किरण छेदचित्रांवरून ऑस्ट्रेलियात, मेलबर्न येथे, टिटॅनियमची उरोस्थी व बरगड्यांच्या जागी काहीशा लवचीक दांड्या मुद्रित करण्यात आल्या. या मुद्रणात शाई नसते. धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरावयाचा, संगणकाने आखलेल्या जागीच तो इलेक्ट्रॉनांच्या झोताने वितळवावयाचा, की त्यावर दुसरा थर. साचा लागत नाही, त्यामुळे एकाच माणसाच्या मापाची वस्तू घडविता येते. शस्त्रक्रियेनंतर 12 दिवसांनी रुग्ण घरी गेला.

तान्ह्या मुलाची गोष्ट याहून बिकट. आज मापात बसलेली वस्तू उद्या वाढत्या देहाला फास ठरावयाची! अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील ग्लेन ग्रीन व स्कॉट हॉलिस्टर यांनी 2012 साली योजिलेला उपाय म्हणूनच विलक्षण म्हटला पाहिजे. एका अर्भकाच्या श्वासनलिकेची शाखा दुबळेपणामुळे वारंवार मिटत असे. त्यांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पदार्थाची, एका बाजूने उघडी अशी नळी मुद्रित केली, ती शाखेभोवती बाहेरून बसविली आणि शाखेची भिंत टाक्यांनी तिला ताणून बांधली. 21 दिवसांनी मूल यंत्रावाचून श्वास घेऊ लागले. फटीमुळे ही नळी वाढीबरोबर रुंदावते आणि सुमारे तीन वर्षांत शरीरात जिरून जाते. तोवर मूळ शाखेने बळ धरावे, एवढीच अपेक्षा.

जिवंत पेशींचे मुद्रण हा मात्र निराळाच प्रांत. पेशी मऊ जेलमध्ये मिसळून त्यांचे थर रचता येतात. त्यांना जगविणे कठीण. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून दूर पडलेल्या पेशीला प्राणवायू पुरत नाही. त्यामुळे संशोधनाचा मोठा भाग पेशींमधल्या पोकळ वाटा घडविण्यात खर्ची पडतो. 2019 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील जॉर्डन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये एक वायुकोश व त्याभोवती वाहिन्यांचे जाळे रचले. प्रकाश नको तितका खोल जाऊ नये म्हणून त्यांनी वापरला तो खाद्यपदार्थांतला पिवळा रंग. कोशात हवा खेळू लागली आणि भोवतीच्या रक्ताने प्राणवायू उचलला.

तो एकच कोश होता. मानवी फुप्फुसांत असे कित्येक कोटी असतात. तूर्त शल्यविशारदाला मुद्रणाचा होणारा उपयोग बराच साधा आहे. रुग्णाच्या फुप्फुसाची प्रतिकृती हातात घेऊन, गाठ कोणत्या वाहिनीला लगटून आहे, हे तो आदल्या दिवशीच पाहून ठेवतो.