वेल, वेळ आणि आईचे घड्याळ

पडलेले माणूस ओळखणारे एक घड्याळ माझ्या भाच्याने आईच्या मनगटाला बांधले, तेव्हापासून घरात करमणूक सुरू झाली. आई भाकरी थापू लागली की ते घाबरून विचारी, 'पडलात काय?' आणि श्रावणात ती खरोखरच न्हाणीघरात भिंत धरून हळूच खाली घसरली, तेव्हा स्वारी मुकाट! अर्धा तास ती फरशीवर होती. त्या वेळी मी वर्गात 'वेल' आणि 'वेळ' यांतला भेद समजावून देत होतो, हे मागाहून मनाला फार लागले.

भाचा याच विद्येचा अभ्यास करतो. त्याला फैलावर घेतले.

"मामा, यंत्र नमुन्यांवरून शिकते. आणि प्रत्येक नमुन्यावर नाव घालायला माणूस लागतो."

असा एक प्रसिद्ध संग्रह इटलीतल्या जिनोआच्या संशोधकांनी २०१३ साली मांडला. ३० माणसे, कमरेला फोन. चालणे, जिना चढणे-उतरणे, बसणे, उभे राहणे, निजणे. सेकंदाला ५० नोंदी, २.५६ सेकंदांचा एकेक तुकडा. माणसे मात्र १९ ते ४८ वयाची. आमची आई अठ्ठ्याहत्तरची! मांडी घालणे, भाकरी थापणे यांचा तिथे पत्ताच नाही.

नावांचा खर्च वाचवणारी एक युक्ती २०२० पासून या कामात आली आहे. एकाच तुकड्याला दोन सोंगे द्यायची; एकात थोडा गोंगाट मिसळायचा, दुसरा फिरवायचा. मग यंत्राला सांगायचे, ही दोन्ही एकच, जवळ ठेव; इतर तुकडे दूर सार. नावे सांगायची ती शेवटी, थोडकी.

मला हे ओळखीचे वाटले. 'ल' पोराने उच्चारला काय, म्हाताऱ्याने काय, आपण एकच धरतो. 'ळ' आला की कान टवकारतो. पण कोणता फरक सोडायचा, हे तिथे भाषा ठरवते. इथे कोण?

"आम्हीच," भाचा म्हणाला. "फोन खिशात उलटासुलटा असतो, म्हणून नोंदी कशाही फिरवतो."

"आणि स्थिर माणूस उभे की आडवे, हे कशावरून कळते?"

"गुरुत्वाकर्षणाच्या दिशेव–" तो थबकला.

दिशाच फिरवून टाकली, तर उभी आजी आणि पडलेली आजी यंत्राच्या लेखी एकच की!

हल्ली तो नोंदी उभ्या आसाभोवतीच फिरवतो. सुट्टीत आजीच्याही नोंदी घेतो आहे. फोन तिने कनवटीला खोचला आहे. करशील त्याचे नाव मोठ्याने घे, असे बजावले होते. पहिल्या दिवशी ती 'भाकरी' एवढेच म्हणाली आणि विसरली. पुढचे चार तास निनावीच आहेत. काल दुपारी मात्र न्हाणीघरातून हाक आली. धावत गेलो, तर भिंतीला टेकून फरशीवर बसलेली.

"लिही म्हणावं त्याला," ती म्हणाली, "घसरले!"