रक्तातील दाहाची खूण आणि हृदयाची काळजी

औंढा नागनाथ म्हटले की नागनाथाचे कोरीव दगडी मंदिर डोळ्यांपुढे उभे राहते. आता या गावाचे नाव विज्ञानाच्या जगातही घेतले जाते. गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा येथे उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळेतील उपकरणात दूरच्या मालमोटारीचा हादराही उमटतो. म्हणून खरी लहर कोणती आणि नुसता हादरा कोणता, हे आधी ओळखावे लागते. हृदयविकाराच्या धोक्याची सूचना देणाऱ्या एका रक्तचाचणीविषयी लिहिताना आम्हांला हेच उदाहरण आठवते.

शरीरात जंतू शिरले किंवा इजा झाली की संरक्षक पेशी तेथे धावून येतात. जागा लाल होते, सुजते, दुखते. यालाच दाह म्हणतात. या पेशींचा रासायनिक निरोप मिळताच यकृत 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन', म्हणजे सीआरपी, तयार करून रक्तात सोडते. टिलेट आणि फ्रान्सिस या शास्त्रज्ञांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत ते प्रथम नोंदवले.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही असा दाह असू शकतो. मात्र तो सौम्य असतो आणि दुखत नाही. वाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचते, संरक्षक पेशी तेथे जमतात आणि थर वाढत जातो. एखाद्या दिवशी तो फुटतो, रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. हा मंद दाह अतिसंवेदनशील सीआरपी चाचणीने अजमावता येतो. दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण म्हणजे धोका कमी, १ ते ३ म्हणजे मध्यम आणि ३ पेक्षा अधिक म्हणजे जास्त, असे साधारणपणे मानतात.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कोलेस्टेरॉल न घटवता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. परंतु जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह हे शरीराचे कवचही आहे, हे विसरून चालणार नाही. शिवाय सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. तो धूर आहे, आग निराळी असते. ती कोठे लागते? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण आणि शहरी पुरुषांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शरीरातील चरबी आणि दाहाच्या खुणा यांचा जवळचा संबंध आढळला. धूम्रपान आणि हिरड्यांचे जुने दुखणे यांमुळेही ही पातळी वाढते.

म्हणून वाचकांनी दोन चुका टाळाव्यात. ताप, सर्दी किंवा दाढेचा गळू असताना आलेला मोठा आकडा पाहून घाबरू नये; तो बहुधा मालमोटारीचा हादरा असतो. आकडा १० च्या वर असल्यास कारण शोधावे आणि बरे झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. उलट, आकडा कमी आला म्हणून तंबाखू, रक्तदाब आणि साखर यांकडे दुर्लक्ष करू नये. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आणि छातीत दडपण, घाम, धाप अशी लक्षणे जाणवली तर या चाचणीच्या अहवालाची वाट पाहू नये. त्या वेळी ईसीजीची सोय असलेले रुग्णालय विनाविलंब गाठावे. तेथे घड्याळाचा काटाच महत्त्वाचा.