कोंबड्यांचा नाद आणि शेजारपाजार



आम्ही पैठण तालुक्यातल्या एका लहान गावच्या, एकाच बचत गटातल्या बाया. कोंबड्यांना खायला काय घालावं, खुराडं केवढं असावं, हे तुम्ही ऐकलेलं असणार, आणि निम्म्याहून जास्त जणींना ते आईच्या घरूनच माहीत असणार. म्हणून आज त्याच्या पलीकडचं बोलतो. कोंबडी पाळणं एवढं अवघड नाही. अवघड आहे ते घरच्यांना आणि शेजारणींना पटवणं. त्यात आमच्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगणार आहोत.

आम्ही सुरुवात केली ती धंदा म्हणून नाही, आवड म्हणूनच केली. अंगणात चार कोंबड्या चरताना बघायला बरं वाटतं, संध्याकाळी त्या आपोआप खुराड्याशी येतात त्याचं कौतुक वाटतं. पण बाईने आवड म्हणून काही केलं की घरात पहिला शब्द येतो, ‘हा काय नवीन नाद?’ गड्याने चकाट्या पिटल्या तर त्याला कोणी नाद म्हणत नाही, ते जाऊ द्या.

पहिली अडचण आली माळेची. आपला मुलूख नाथांचा. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात, आणि आमच्यातल्या एकीच्या घरी तर सासूबाईंच्या गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळशीची माळ. त्या म्हणाल्या, ‘माझ्या दारात हे चालायचं नाही.’ आम्ही काय केलं? शहाणपणा शिकवायला गेलो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देते, त्या अंड्यात जीव धरत नाही, ते उबवलं तरी पिल्लू निघत नाही, असं सगळं सांगितलं. ते खरंच आहे. पण सासूबाई म्हणाल्या, ‘तुझं खरं असंल बाई, पण माझी माळ तुझ्या हिशोबावर नाही.’ आम्ही गप्प झालो. त्यांचं बरोबर होतं.

मग भांडण सोडून व्यवस्था लावली. खुराडं घरामागे, चिंचेखाली. अंडी स्वयंपाकघरात आणायची नाहीत. लेकरांसाठी उकडायची तर वेगळं पातेलं आणि मागच्या बाजूला तीन दगडांची चूल. एकादशीला तीही पेटवायची नाही. घरात कोंबडं कापायचं नाही, हा शब्द सुनेने स्वतःहून दिला. शाळेच्या पोषण आहारात अंडं द्यायचं शासनाने २०२३ मध्ये ठरवलं, तेव्हा न खाणाऱ्या लेकरांना केळं द्यायचं असंही ठरवलं होतं. पुढे २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबवला, तो वाद वेगळा. पण ज्याला नको त्याला केळं, ही गोष्ट घरातही चालते. आज त्या सासूबाई अंड्याला हात लावत नाहीत. पण तिन्हीसांजेला ‘आज एक कमी दिसती गं’ असं सगळ्यात आधी त्याच सांगतात.

दुसरी तक्रार वासाची. ही खरी तक्रार आहे, ती नाकारू नका. विष्ठा ओली राहिली की नाकात झोंबणारा वास सुटतो, कोरडी राहिली की सुटत नाही. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं. खुराड्यात खाली चार बोटं जाडीचा लाकडाचा भुसा किंवा तुरीचं भुसकट पसरायचं, दोन-तीन दिवसांनी ते खालीवर करायचं, पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवायचं म्हणजे सांडत नाही. ओला झालेला भाग लगेच काढायचा. हे खत उष्ण असतं. ताजं टाकलं तर रोपं जळतात, म्हणून उकिरड्यात कुजवूनच शेतात न्यायचं. पहिलं कुजलेलं खत आम्ही तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याच्या वांग्यांना दिलं. त्यांनी काही आभार मानले नाहीत, पण वास येतो म्हणायचे बंद झाले.

कोंबडा पहाटे आरवतो म्हणूनही कटकट होते. फक्त अंडी हवी असतील तर कोंबडा ठेवूच नका. पिल्लं काढायची असतील तरच दहाएक माद्यांमागे एक नर पुरतो, आणि एका गल्लीत एक असला तरी भागतं.

आता कुरडया. हसू नका, आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं भांडण कुरडयांवरून झालं. उन्हाळ्यात घरोघरी बाजांवर कुरडया, सांडगे, शेवया वाळत असतात. आमच्या तीन कोंबड्या एका जाऊबाईंच्या बाजेवर चढल्या आणि दोन दिवसांची मेहनत पायदळी तुडवली. ज्यांनी पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवला त्यांना राग येणारच. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की वाळवणाच्या दिवसांत कोंबड्या संध्याकाळी चारनंतरच सोडायच्या. एरवी सकाळी दहापर्यंत कोंडून ठेवायच्या. याचा फायदा आपल्यालाच होतो. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळातच घालतात. कोंडलेल्या असल्या की अंडं खुराड्यात सापडतं, लोकांच्या कडब्याच्या गंजीत नाही. कोणी मेथी-कोथिंबिरीचे वाफे टाकले की तिकडे काट्याचं कुंपण घालायला आपण जायचं, त्यांनी सांगायची वाट बघायची नाही.

घरातल्या कारभाऱ्यांचं म्हणणं एकच, हिशोब दाखवा. आम्ही वही केली. दहा गावरान कोंबड्या धरा. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, त्याहून जास्त कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. म्हणजे दहा कोंबड्यांची साधारण ७०० अंडी. आमच्याकडे गावरान अंडं दहा रुपयांना सहज जातं, म्हणजे ७,००० रुपये. चरून येणाऱ्या कोंबडीला वरून रोज मूठभर, ४०-५० ग्रॅम धान्य लागतं. दहांना महिन्याला १५ किलो. ज्वारी तीस रुपये किलो धरली तर वर्षाचे ५,४०० झाले. राहिले १,६००. त्यात घरच्या लेकरांनी खाल्लेली अंडी धरली तर हातात त्याहून कमी. खळ्यातलं झाडलेलं, किडकं-फुटकं धान्य वापरलं तर थोडे जास्त. विकलेले कोंबडे वेगळे, आखाडात त्यांना चांगला भाव येतो, आणि श्रावण लागला की कोणी विचारत नाही.

हा हिशोब ऐकून एका दादांनी विचारलं, ‘एवढ्यासाठी एवढा खटाटोप?’ आम्ही म्हणालो, हो, एवढ्यासाठीच. लाखाची स्वप्नं दाखवून कोंबड्या आणल्या तर वर्षाने तेच लोक तोंडावर वही आपटतात. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्यांना खाद्यही जास्त लागतं, आणि घरच्या कोंबडीसारख्या त्या खुडूक बसत नाहीत. पुढे वाढवायचं मनात असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर असा गट दिला जातो. यंदा आपल्याकडे अर्ज कधी निघतात ते पंचायत समितीत किंवा गुरांच्या दवाखान्यात विचारा.

आता आमची चूक.

गल्लीच्या टोकाला आमच्या एक काकू आहेत. त्यांचा विरोध सगळ्यात कडक. वर्षभर आम्ही मागे लागलो, आणि शेवटी त्यांनी गटातून अडीच हजार रुपये कर्ज काढून आठ तलंगा घेतल्या. आम्हाला एवढा आनंद झाला की आठवडी बाजारातून एक रुबाबदार कोंबडा आणला आणि त्याच दिवशी त्यांच्या खुराड्यात सोडला. भेट म्हणून. पाचव्या दिवशी कोंबडा पेंगायला लागला. हिरवी पातळ हगवण, तोंड उघडं टाकून श्वास, मग मान पिळवटली. मानमोडी. दहा दिवसांत काकूंच्या आठही तलंगा गेल्या.

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सात महिने बोलल्या नाहीत. गटाच्या बैठकीला यायच्या, हप्ता ठेवायच्या, सही करायच्या आणि जायच्या. खुराडं रिकामं आणि हप्ता चालू. आम्ही म्हटलं, हप्ते आम्ही भरतो. त्या म्हणाल्या, ‘कर्ज माझ्या नावाचं हाय.’

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. झाल्यावर त्याला औषध नाही, लस आधीच टोचावी लागते. बाहेरून आलेला पक्षी वरून धडधाकट दिसतो, कारण रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत बरेचदा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन आठवडेही. म्हणून नवी कोंबडी, मग ती बाजारातली असो की माहेरची, तीन आठवडे वेगळी ठेवायची. वेगळी म्हणजे डाल्याखाली त्याच अंगणात नव्हे, घराच्या दुसऱ्या बाजूला. तिचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी जुन्या कोंबड्यांचं करून मग तिच्याकडे जायचं. हे आम्ही केलं असतं तर आमचा एक कोंबडा मेला असता, काकूंच्या आठ वाचल्या असत्या.

त्या वर्षी गावात बर्ड फ्लूची भीतीही उठली. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ते लोक विसरलेले नाहीत. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून एकदम कोंबड्या मरायला लागल्या तर दडवू नका. मेलेला पक्षी उघड्या हाताने धरायचा नाही, ओढ्यात फेकायचा नाही, कुत्र्याला घालायचा नाही. दवाखान्यात कळवायचं, आणि ते सांगतील तसा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. खाण्याबद्दल विचाराल तर हा विषाणू ७० अंश उष्णतेला मरतो. आपण शिजवतो तसं नीट शिजवलेलं मटण, पूर्ण उकडलेलं अंडं चालतं. अर्धकच्चं नको. २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई उठली आणि लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. म्हणून काही ऐकलं की आधी डॉक्टरांना विचारायचं.

आठव्या महिन्यात काकू स्वतः आल्या. म्हणाल्या, ‘पुन्हा ठेवते. पण आधी गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांना लस. एक घर राहिलं तरी मी नाही.’ हे आम्हाला सुचायला हवं होतं, ते त्यांना सुचलं. आपण म्हणतो माझ्या कोंबड्या, तुझ्या कोंबड्या. पण त्या चरतात एकाच उकिरड्यावर. शिवाय लसीची बाटली शंभर मात्रांच्या खाली सहसा मिळत नाही. फोडून विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई एकटी ती आणणार नाही. सगळ्या घरांनी मिळून आणली तर कोंबडीमागे किरकोळ पैसे पडतात. ज्यांना आपल्या नादाशी काही देणंघेणं नाही, त्यांच्याही चार कोंबड्या त्यात घ्या, पैसे देवोत न देवोत.

पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा थेंब, आठव्या आठवड्याला पंखाखाली टोचायची दुसरी लस. ही टोचणी डॉक्टर किंवा शिकलेल्या पशुसखीकडूनच. बाटली दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फात आणायची. आपल्याकडच्या उन्हात पिशवीत घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. काम संध्याकाळी करायचं, पक्षी खुराड्यात असतात आणि ऊनही उतरलेलं असतं. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही.

गल्लीचं लसीकरण झालं आणि मग आम्ही जुनी पद्धत काढली, अर्धलीची. आपल्या आजीच्या वेळी गरीब शेजारणीला कोंबडी अर्धलीने द्यायच्या. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी आपली. यात तिचे पैसे अडकत नाहीत, कर्ज होत नाही, आणि नुकसान झालं तर दोघींचं होतं. ज्या घरात अजून शंका आहे तिथे कोंबड्या विकत घ्यायला लावू नका, अर्धलीने द्या.

आमची एक कोंबडी खुडूक झाली होती. रात्रीच्या वेळी तिला टोपलीसकट काकूंच्या वसरीत नेऊन बसवलं, अंधारात जागा बदलली तर ती उठत नाही. खाली आठवड्याच्या आतली अकरा अंडी. सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडावर एकेक धरून बघितली. ज्यात कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या ती ठेवली, दोन अगदी स्वच्छ दिसली ती काढली. नऊ राहिली. दिवाळीनंतरची थंडी आहे, उबवणीला चांगला हंगाम आहे. मे महिन्यात हाच खटाटोप केला तर निम्मी अंडी वाया जातात.

आज अठरावा दिवस. आता अंड्यांना हात लावायचा नाही, फक्त कोंबडीसमोर दाणे आणि पाणी. पिल्लं आणखी तीन दिवसांनी. काकूंनी मांजरासाठी वसरीचं दार लावून घेतलंय आणि आम्हाला सांगितलंय की बघायला रोज रोज यायचं नाही, ती बिचकते.