पान खुडावे, कंद राखावा

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलच्या डोंगराळ परिसरात मृगाच्या सरी कोसळल्या, की उतारांवर कोळीची भाजी तरारते. मुसळीच्या कुळातील ही कोवळी पाने होत. वारली समाजात वर्षातील ही पहिली भाजी देवाला अर्पण करून मगच खाण्याचा प्रघात आहे. टोपली घेऊन रानात जाणे हे बायकामुलांचे काम, आणि विरंगुळाही. शेवळे काकडाच्या आंबट फळांवाचून शिजवली तर घसा खाजतो, हे ज्ञान आजीच्या मागोमाग चालतानाच मिळते.

कोळीची पाने खुडली, तरी जमिनीतील कंद पुढील पावसाळ्यात पुन्हा फुटतो. औषधी बाजारात मात्र मोल येते ते पांढऱ्या मुसळीच्या कंदाला. त्यासाठी झाड मुळासकट उपटले गेले आणि देशातील अनेक रानांतून ही वनस्पती विरळ झाली. पान हे व्याज, कंद हे मुद्दल. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरांना हा भेद निराळा सांगावयास नको.

आता पाड्यांवरील अनेक मुले आश्रमशाळांत राहतात. ऐन भाजीच्या दिवसांत ती रानापासून दूर असतात. शाळा हवीच. परंतु एखाद्या रविवारी आजीचे बोट धरून ती रानात गेली नाहीत, तर काय खुडावे आणि काय राखावे, हे त्यांना कोण सांगणार?